पाच तारीख

दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसराला लागून विजयनगर आहे. तिथे २०२३ च्या ऑगस्टमध्ये दोघी बहिणींनी मिळून एक खोली घेतली. थोरली परळीची, धाकटी उदगीरची. नात्यानं आतेमामे बहिणी. भाडं घरून येणार होतं. जेवण, पुस्तकं, फोन हे जिचं तिनं बघायचं, असं दोन्ही घरांनी निघतानाच सांगून ठेवलं होतं.

धाकटीला शिकवण्या मिळत होत्या. एक रोहिणीत होती, आठवड्यातून तीन दिवस, रोज एक तास, महिन्याचे सहा हजार. दुसरी मॉडेल टाउनमध्ये, तेवढ्याच तासांची, पण चार हजारांची. थोरली म्हणाली, "रोहिणीची घे. बसला पैसे पडत नाहीत." ते खरंच होतं. दिल्लीच्या सरकारी बसमध्ये २०१९ पासून बायकांना गुलाबी तिकिटावर फुकट जाता येत होतं. पण धाकटीनं वहीत वेगळा हिशेब मांडला. रोहिणीला जायला एक तास, यायला एक तास. महिन्याचे बारा तास शिकवायचे आणि चोवीस तास बसमध्ये काढायचे, म्हणजे छत्तीस तासांचे सहा हजार. ताशी पावणेदोनशेही पडत नव्हते. मॉडेल टाउन पायी वीस मिनिटांवर. येणंजाणं धरून महिन्याचे वीस तास, ताशी दोनशे. तिनं चार हजारांची शिकवणी घेतली. पंधरा दिवसांनी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरचा एक मुलगा मिळाला. चालणं तेवढंच राहिलं आणि कमाई आठ हजारांवर गेली. पहिल्याच दिवशी तिनं दोन्ही मुलांच्या घरी सांगून टाकलं, "डिसेंबरात माझी परीक्षा असते. तो महिना मी येणार नाही, आणि त्याचे पैसेही घेणार नाही."

कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघालं ते याच पायावर. त्या मुलांनी गाळलेला घाम आपण आठवतो. पण त्यांचं काम शिक्षणाच्या आवारातच होतं, संस्थेच्या शेतात आणि बांधकामावर, हे विसरतो. कष्ट वर्गापासून जितके दूर जातात, तितके ते वर्गालाच खाऊ लागतात. उदगीरच्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं, वहीतल्या आकड्यांनी सांगितलं.

तिची आई बचत गटात होती. गटाची बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला भरायची आणि उशीर केला की दहा रुपये दंड पडायचा. आई फोनवर म्हणाली, "उरंल तेवढं टाकू म्हणलं की काहीच उरत नाही, माय. आधी टाकायचं, मग उरंल त्यात भागवायचं." मुलीनं तीच तारीख धरली. दर पाचला तीन हजार पोस्टाच्या खात्यात आणि उरलेल्या पाच हजारांत महिना. पुस्तकं ती नई सडकेवर जुनी बघायची. अभ्यासक्रमातल्या महागड्या पुस्तकांची हवी ती प्रकरणं एकत्र छापून मिळायची. विद्यार्थ्यांसाठी अशा प्रती काढण्याला दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ साली मोकळीक दिली होती, आणि तो खटला याच विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर झाला होता. गरीब मुलांसाठी तो निकाल किती मोठा आहे, हे हजारोंचं पुस्तक हातात घेऊन परत ठेवलेल्यालाच कळतं.

थोरली आळशी नव्हती, उलट दोघींत जास्त राबायची तीच. नोव्हेंबरात प्रगती मैदानावर १४ ते २७ तारखेपर्यंत व्यापार मेळा भरतो. तिथल्या स्टॉलवर तिनं पूर्ण चौदा दिवस उभं राहून काम केलं, रोजचे दीड हजार, एकूण एकवीस हजार. एवढे पैसे धाकटीनं एकदम कधी पाहिले नव्हते. थोरलीनेही पाहिले नाहीत, कारण काम लावून देणारा म्हणाला, "पेमेंट पुढच्या महिन्यात." आणि ते येणारच या भरवशावर दिवाळीच्या सेलमध्ये हप्त्यानं फोन घेऊन झाला होता. चौदा दिवस वर्ग बुडाले होते. विद्यापीठाला दोन तृतीयांश हजेरी लागते, ती कशीबशी काठावर राहिली. डिसेंबर उजाडला तेव्हा हातात काही नव्हतं, हप्ता तोंडावर आला होता, आणि छतरपूरच्या फार्महाऊसवरच्या लग्नांत पाहुण्यांच्या स्वागताचं काम सांगून आलं, चार रात्रींचं. पहिल्या रात्रीनंतरच्या सकाळी पहिला पेपर होता.

ती हो म्हणणार होती. दुसरं करणार तरी काय? नाही म्हणायलाही पदरी थोडे पैसे लागतात.

धाकटीच्या खात्यात बारा हजार होते. पाच तिच्या महिन्याचे. सातातले सहा काढून तिनं ते बहिणीपुढे ठेवले आणि शेजारी वही ठेवली.

थोरलीचा चेहरा उतरला. "बहिणीकडून लिहून घेतेस?"

"ताई, गटात आई सख्ख्या जावेचंही लिहून घेती. लिहिलं की मनात राहत नाही."

थोरली बराच वेळ बोलली नाही. मग रक्कम लिहिली, तारीख घातली, सही केली आणि छतरपूरला नकार कळवला. त्या महिन्यात दोघी सकाळी सातला अभ्यासाला बसत. थोरलीचे बाकीचे पेपर बरे गेले, एका विषयात मात्र नोव्हेंबरातलं बुडालेलं भरून निघालं नाही. तो पेपर तिला पुन्हा द्यावा लागणार होता.

मेळ्याचे पैसे जानेवारीच्या अखेरीस आले, तेही दोनदा फोन करून. तिनं आधी सहा हजार परत केले आणि वहीत त्यापुढे रेघ मारून घेतली. मग कमला नगरमध्ये, पायी जाता येईल अशी एक शिकवणी शोधली. पाच फेब्रुवारीला दोघी मिळून पोस्टात गेल्या.

वरच्या खोलीत नांदेडची एक मुलगी राहायची. तिला हे कळलं तेव्हा तिनंही यायचं ठरवलं. "माझे पैसे वीस तारखेला येतात," ती म्हणाली, "मी वीसला टाकले तर चालेल ना?"

धाकटी काही बोलायच्या आत थोरलीनं उत्तर दिलं, "नाही. वीसला आलेले पाचपर्यंत सांभाळून ठेव. पाचला आपण तिघी जाऊ."