जागा घेणे : अनुगायनाच्या नीतीसंबंधी काही विचार

१

मराठी गायनव्यवहारात ‘जागा’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. गायकाने एखादी जागा घेतली असे आपण म्हणतो तेव्हा स्वरवाक्यातील नेमके, अवघड आणि रम्य असे वळण त्याने साधले, असे आपल्याला अभिप्रेत असते. सामान्य व्यवहारात मात्र एखाद्याची जागा घेणे म्हणजे तो नसताना त्याच्या ठिकाणी उभे राहणे. दिवंगत वा निवृत्त कलावंताची गाणी त्याच्याच ढंगाने सादर करणारे गायक-वादक हे दोन्ही अर्थांनी जागा घेत असतात. त्यांच्या या व्यवहाराला प्रस्तुत निबंधात ‘अनुगायन’ म्हटले आहे. ‘नक्कल’ हा शब्द निवाडा आधीच देऊन टाकतो, म्हणून तो टाळला आहे.

अनुगायनाचा आढळ व्यापक आहे. मुकेश (निधन १९७६), महंमद रफी (१९८०) आणि किशोरकुमार (१९८७) यांच्या पुण्यतिथ्यांना महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत त्यांच्या गाण्यांचे कार्यक्रम होतात. गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रा तर ध्वनिमुद्रिकेवरील गाणे ‘जसेच्या तसे’ वाजवण्यावरच उभा राहिला. पाश्चात्त्य जगात बीटल्सची गाणी त्यांच्याच वेशात गाणारा ‘बूटलेग बीटल्स’ हा संच १९८० मध्ये निघाला. ‘पिंक फ्लॉइड’ची गाणी वाजवणारा ऑस्ट्रेलियातील संच १९८८ मध्ये स्थापन झाला आणि १९९६ मध्ये मूळ संचातील डेव्हिड गिल्मर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्याने वादन केले. मुळाने आपल्या घरच्या समारंभास प्रतिकृतीला पाचारण करावे, ही घटना केवळ गमतीची म्हणून सोडून देता येत नाही.

समीक्षेने या व्यवहाराची दखल सहसा उपेक्षेनेच घेतली आहे. नवनिर्मिती हेच कलेचे मूल्य मानणाऱ्या रोमँटिक भूमिकेला अनुगायनात मूल्य दिसणे शक्य नव्हते. परंतु जो व्यवहार इतक्या माणसांना इतका आनंद देतो, त्याला सर्जनाचा अभाव म्हणून निकालात काढल्याने त्या आनंदाचे स्पष्टीकरण मिळत नाही. शिवाय येथे सौंदर्याच्या प्रश्नाआड एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. अनुपस्थित माणसाच्या जागी उभे राहण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या अटीवर आणि कोणाची किंमत मोजून प्राप्त होतो, हा तो प्रश्न होय.

२

अनुगायनावरील पहिला आक्षेप असत्याचा आहे. जे नाही ते आहे असे भासवणे ही फसवणूक होय, आणि फसवणुकीतून मिळणारा आनंद हा सदोष आनंद होय, असा हा युक्तिवाद आहे.

त्याचे परीक्षण करण्यास भारतीय काव्यशास्त्रातील एक जुना वाद उपयोगी पडतो. श्रीशंकुकाच्या मते नटाला पाहून प्रेक्षकाला होणारी ‘हा राम आहे’ ही प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रकारच्या ज्ञानांहून वेगळी असते. चित्रातील घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो, तशी ती असते. चित्रातील घोड्यावर कोणी स्वार होऊ पाहत नाही आणि तो खोटा आहे म्हणून कोणी चित्रकारावर रागावतही नाही. अनुगायनाच्या श्रोत्याची स्थिती प्रथमदर्शनी अशीच वाटते. रफींची पुण्यतिथी म्हणूनच तो सभागृहात आलेला असतो. गायक रफी नव्हे हे त्याला ठाऊक असते. एवढेच नव्हे तर हे ठाऊक असणे ही त्याच्या आनंदाची अटच असते. फसवणुकीचा आरोप त्यामुळे टिकत नाही.

पण शंकुकाच्या या उपपत्तीवर अभिनवगुप्ताचे गुरू भट्ट तौत यांनी घेतलेला आक्षेप येथे अधिक मोलाचा आहे. ज्याने रामाला पाहिले नाही तो रामाचे अनुकरण करतो, असे म्हणण्यात अर्थ काय? आणि दुसऱ्याच्या चेष्टितांचे निव्वळ अनुकरण केले तर त्यातून रस नव्हे, हास्य निर्माण होते. अभिनवगुप्ताने म्हणूनच नाट्याला अनुकरण न म्हणता ‘अनुकीर्तन’ म्हणणे पसंत केले. या भेदाचा प्रत्यय आपल्याला नित्य येतो. नकलाकार एखाद्या गायकाचा अनुनासिक स्वर वा मान वेळावण्याची लकब उचलतो तेव्हा आपण हसतो. तेच गाणे अनुगायक गातो तेव्हा आपण हसत नाही, प्रसंगी डोळे पुसतो. साम्य दोहोंकडे आहे. किंबहुना नकलाकाराकडे ते अधिक असू शकते. मग फरक साम्याच्या प्रमाणात नाही, साम्याच्या विषयात आहे. नकलाकार व्यक्तीकडे बोट दाखवतो. अनुगायक त्या व्यक्तीने ज्याकडे बोट दाखवले होते, तिकडे पाहतो.

मात्र भट्ट तौतांच्या आक्षेपाचा पूर्वार्ध आपल्या संदर्भात नव्याने तपासावा लागतो. रामाला कोणी पाहिले नव्हते. रफींना तर आपण ध्वनिमुद्रिकेवर हवे तितक्या वेळा ऐकू शकतो. येथे मूळ उपलब्ध आहे, आणि म्हणूनच अनुगायन अनावश्यक आहे, असा आक्षेप येऊ शकतो. तो तपासण्यासाठी ‘मूळ’ म्हणजे काय, हे आधी पाहावयास हवे.

३

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७), यांच्या गायकीचे अनुगायन हे मराठीतील या प्रकाराचे सर्वांत दीर्घ आणि प्रतिष्ठित उदाहरण होय. ‘स्वयंवर’ (१९१६) वा ‘एकच प्याला’ (१९१९) मधील पदे आजही त्यांच्या ढंगाने गायली जातात आणि कोणती जागा ‘गंधर्वांची’ व कोणती गायकाची स्वतःची, हे जाणकार श्रोता तत्काळ ओळखतो. परंतु आज गाणाऱ्या बहुतेकांनी ऐकले आहेत ते ध्वनिमुद्रिकेवरील बालगंधर्व. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत, अहमदजान थिरकवा यांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी साथीला असताना फुलत जाणारे पद त्या तीन मिनिटांत मावणे शक्य नव्हते. म्हणजे ज्याला आपण मूळ समजतो ते मुळाचे यंत्राने ठरवलेले संक्षिप्त रूप आहे. जिवंत मैफलीत तेच पद विस्ताराने गाणारा अनुगायक तबकडीपेक्षा रंगभूमीवरील बालगंधर्वांच्या अधिक जवळ जातो, असा विपर्यस्त वाटणारा पण खरा निष्कर्ष यातून निघतो.

‘गीतरामायणा’चे उदाहरण आणखी बोलके आहे. ग. दि. माडगूळकर यांची ५६ गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ही मालिका १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झाली. त्या वेळी माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा अनेकांनी ही गीते गायली होती. पुढे फडके यांनी ती एकट्याने मंचावरून गायली आणि मराठी मनात ‘मूळ’ म्हणून रुजला तो हा दुसरा अवतार. २००२ मध्ये फडके गेले. त्यांचे पुत्र श्रीधर फडके, जे स्वतः स्वतंत्र प्रतिभेचे संगीतकार आहेत, ही गीते गातात तेव्हा श्रोते ज्या मुळाशी तुलना करतात ते मूळही एका अर्थी पुनःसादरीकरणच असते. या काव्याचा आरंभच मुळी रामापुढे रामचरित गाणाऱ्या कुशलवांच्या प्रसंगाने होतो. ज्याची कथा तोच श्रोता, आणि त्याचे पुत्र गायक! आपल्या परंपरेने अनुगायनाला किती मानाचे स्थान दिले आहे, याची याहून वेगळी साक्ष नको.

वॉल्टर बेन्यामिन याने १९३० च्या दशकात यांत्रिक प्रतिकृतीमुळे कलाकृतीभोवतीचे ‘येथे आणि आत्ता’पणाचे वलय नाहीसे होते, असा विचार मांडला. अनुगायनाचे आकर्षण या विचाराच्या प्रकाशात स्पष्ट होते. तबकडीत आवाज आहे, पण ‘आत्ता’ नाही. तबकडी चुकू शकत नाही, म्हणूनच ती जागा ‘घेत’ नाही. ती तिच्यात कोरलेली असते. अनुगायकापुढे मात्र अवघड वळण दर वेळी नव्याने उभे राहते आणि ते साधेल की नाही या धाकधुकीत श्रोताही सहभागी होतो. एकत्र बसून आठवणे आणि एकत्र बसून जोखीम पत्करणे ही दोन सुखे तबकडी देऊ शकत नाही.

४

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो अनुगायकाच्या बाजूने घेतला पाहिजे. श्रोत्यांना हवा असतो गेलेला माणूस. समोरचा माणूस त्यांना केवळ माध्यम म्हणून चालतो. माणसाला निव्वळ साधन म्हणून वागवू नये, या कांटच्या दंडकाचा येथे भंग होत नाही काय? रफींच्या निधनानंतर चित्रपटसृष्टीत त्यांच्या वळणाच्या गळ्यांना मागणी आली. ‘कुली’ आणि ‘बेताब’ या १९८३ च्या चित्रपटांतून शब्बीरकुमार घराघरांत पोहोचले. पण त्यांचे कौतुक आणि त्यांच्यावरील टीका ही दोन्ही एकाच नावाच्या मापाने झाली. ज्या साम्यामुळे दार उघडते तेच साम्य पुढे भिंत होते.

या आक्षेपाला, वाजवणाऱ्यालाही आनंद होतो, हे उत्तर पुरेसे नाही, पण त्यापासून सुरुवात करता येते. हा आनंद कशाचा असतो? एखादा वादक गाण्यातील अंतरसंगीत महिनोन्महिने ऐकून बोटांत बसवतो, तेव्हा त्या रचनेचे त्याला होणारे ज्ञान श्रोत्याच्या वा समीक्षकाच्या ज्ञानाहून वेगळ्या जातीचे असते. मूळ वादकाने येथे श्वास का घेतला, तेथे ठेका किंचित मागे का ठेवला, हे त्याला हातांनी कळते. आपल्या घराण्यांतील तालमीचे तत्त्वही हेच आहे. शिष्य आधी गुरूसारखा गातो, आणि त्या ‘सारखे’पणाला कोणी दास्य म्हणत नाही, कारण त्याने एके दिवशी वेगळे गावे अशी गुरूची आणि समाजाची अपेक्षा असते.

भेद नेमका येथे आहे. तालमीतील अनुकरणाला पुढचा टप्पा असतो. बाजारातील अनुगायनाला तो अनेकदा नाकारला जातो. आनंद भाटे यांचे उदाहरण या दृष्टीने विचारार्ह ठरते. बालवयात बालगंधर्वांची पदे गाऊन ‘आनंद गंधर्व’ ही उपाधी मिळालेला हा गायक पुढे भीमसेन जोशी यांच्याकडे शिकला, किराणा घराण्याचा ख्यालगायक म्हणून उभा राहिला आणि २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात पुन्हा त्या पदांकडे वळला. स्वतःचा आवाज असलेल्या माणसाने दुसऱ्याची जागा घेणे हे दान आहे. ज्याला स्वतःचा आवाज होऊच दिला नाही त्याच्याकडून ती घेववणे ही वेठ आहे. हा भेद मंचावर दिसत नसल्यामुळे श्रोत्यांवर एक कर्तव्य येते. अनुगायकाला त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखणे, आणि तो कधी स्वतःचे गाणे गाऊ लागला तर उठून न जाणे, हे ते कर्तव्य होय.

५

आतापर्यंत आपण आवाजाचे आणि कृतीचे अनुगायन पाहिले. त्याचा एक तिसरा प्रकार आहे, आणि नीतीच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. महाड आणि पोलादपूर या रायगडच्या अंतर्भागातील तालुक्यांकडे पाहिले असता तो स्पष्ट होतो.

महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या लढ्याने घडवलेल्या जलशांच्या आणि भीमगीतांच्या परंपरेत वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते असंख्य गळ्यांनी गायली. तेथे वामनदादांसारखा आवाज काढण्याचा आग्रह कोणी धरत नाही. निष्ठा आवाजाशी नाही, गाण्यातून केलेल्या मागणीशी आहे. वारकरी भजनातही असेच घडते. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा गाणाऱ्याला दर वेळी मूळ कर्त्याचे नाव उच्चारायला लावते. उसनवारीची कबुली रचनेतच विणलेली असते. भक्तीपोटी का होईना, संतांच्या मुद्रेने स्वतःचे अभंग रचणाऱ्यांना आपण ‘प्रक्षिप्त’ म्हणून वेगळे काढतो. संतांचे अभंग स्वतःच्या गळ्याने गाणाऱ्यांना मात्र परंपरा म्हणतो. नाव उसने घेणे आणि गाणे उसने घेणे यांतील नैतिक अंतर आपल्या समाजाला फार पूर्वीपासून कळले आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहारा संपला की ती पुढच्याच्या गळ्यात जाते. वीणेकऱ्याची जागा कायम असते, माणूस बदलतो. आणि पुढच्याने आधीच्यासारखे दिसावे वा गावे, असे कोणीही म्हणत नाही.

महाड तालुक्यातील तळीये या गावी २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ८०हून अधिक माणसे मृत्यू पावली. अशा गावाच्या संदर्भात ‘जागा घेणे’ हे रूपक राहत नाही. इतकी माणसे एकदम गेल्यावर कोणत्याही गावात टाळ, मृदंग, वीणा यांपाशी रिकाम्या जागा उरणारच, आणि त्या कोणाला तरी घ्याव्या लागणार. तेथे उभा राहणारा गेलेल्याचा हुबेहूब आवाज काढू लागला तर ते क्रौर्य होईल, कारण शोक करणाऱ्यांना साम्य सोसवणार नाही. आणि तो उभाच राहिला नाही तर गाणे थांबेल. या दोहोंमधील जी वाट आहे ती अशी: गाणे तेच, चाल तीच, जागा तीच; आवाज मात्र आपला.

मनोरंजनाच्या मंचावरील अनुगायनाला हा निकष जसाच्या तसा लावणे अन्याय्य होईल. रफींच्या गाण्यांचा कार्यक्रम म्हणजे सप्ताह नव्हे, आणि तेथे साम्याचा आनंद निषिद्ध मानण्याचे कारण नाही. परंतु त्या मंचावरही जे अनुगायन आपल्याला हलवून जाते, ते पुरते जुळलेले नसते. एखाद्या वळणावर गायकाचा स्वतःचा गळा किंचित डोकावतो, आणि गेलेला माणूस खरोखरच गेलेला आहे हे त्या क्षणी कळते. त्याचे गाणे मात्र कोणीतरी सांभाळत आहे, हेही त्याच क्षणी कळते. श्रोता तेथे परत परत जातो तो बहुधा या दोन गोष्टी एकदम कळण्यासाठी. तेवढे एक वळण गायकाला त्याचे म्हणून घेऊ देणे आयोजकाच्या आणि श्रोत्याच्या हाती असते.