बहुधा मूळ, की नक्की मूळ?

११ ऑक्टोबर २०२४ रोजी डब्लिनमधल्या एका संगणकाने कळवले की २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी, चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची संख्या बहुधा मूळ आहे. दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनिओतल्या यंत्राने लुकास-लेमर कसोटी लावली आणि ‘बहुधा’ गळून पडले. पूर्वपक्षी इथेच अडवतो: दुसऱ्या कसोटीची गरज काय होती? मिलर-राबिन कसोटीच्या एका फेरीतून संयुक्त संख्या निसटण्याची शक्यता फार तर चारात एक. पन्नास फेऱ्यांनंतर ती एकावर तीस शून्यांतल्या एकाहूनही कमी उरते. आपल्या बँकव्यवहारांना कुलूप घालणाऱ्या किल्ल्यांसाठी मूळ संख्या बहुतेक अशाच निवडतात. लुकास-लेमरमध्ये मात्र ४ पासून सुरुवात करून वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्या, हे तेरा कोटींहून अधिक वेळा करायचे. त्यात चिपमधला एक बिट उलटला तरी सगळे कोसळते. मग अधिक खात्रीचे काय?

वस्तुस्थिती मान्य, निष्कर्ष नाही. यंत्राची चूक आगंतुक असते. वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या प्रोग्रॅमने तीच आकडेमोड केली की ती उघडी पडते, आणि या संख्येबाबत तसे केलेही गेले. कसोटीतली फट मात्र कितीही यंत्रे बदलली तरी बुजत नाही. डब्लिनची कसोटी फर्माच्या प्रमेयावर उभी होती. त्या जातीचे छोटे उदाहरण ३४१ चे. ही संख्या म्हणजे ११ गुणिले ३१; तरीही २ चा ३४० वा घात ३४१ ने भागला की बाकी १ उरते, अगदी मूळ संख्येला शोभेल अशी. जगातला प्रत्येक संगणक हे उत्तर बिनचूक देईल आणि प्रत्येक जण फसेल. २ ऐवजी दुसरा पाया घ्या, असे पूर्वपक्षी म्हणेल. मिलर-राबिन तेच करते, यादृच्छिक पाये घेऊन. पण मग ती शक्यता आपल्या निवडीची झाली. संख्या स्वतः कधीच ‘बहुधा’ मूळ नसते.

शेवटचा आक्षेप अधिक टोकदार आहे: कोणी माणूस वाचू शकत नाही अशा आकडेमोडीला ज्ञान म्हणावे का? याचे उत्तर इतिहासात आहे. गणिती मर्सेनने १६४४ मध्ये २ चा ६७ वा घात उणे १ ही संख्या मूळ ठरवली होती. १८७६ मध्ये या कसोटीच्या नावातल्याच लुकासने ती मूळ नसल्याचे दाखवले, एकही अवयव न सांगता. अवयव मिळाले १९०३ मध्ये, फ्रँक कोलला: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. मधल्या सत्तावीस वर्षांत लुकासचे म्हणणे अर्धवट नव्हते, कारण त्याचा आधार प्रमेयात होता. लुकास-लेमरचे प्रमेयही काही पानांत बसते आणि माणसाला वाचता येते. यंत्राकडे फक्त गुणाकार सोपवलेला असतो. म्हणून किल्लीसाठी पन्नास फेऱ्या खुशाल पुरेशा माना. मूळ संख्यांच्या यादीत नोंद करायची तर सॅन अँटोनिओची कसोटी हवीच.