अरणच्या मळ्याची शिकवण



आषाढी जवळ आली की गावोगावी आम्हांस एक प्रश्न हटकून ऐकू येतो. "महाराज, औंदा पेरणी पुढं गेली, वारी चुकणार. आमचं कसं व्हायचं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असते. त्यास आम्ही पुष्कळ वर्षे एकच उत्तर देत आलो, की बाबा, सावतोबांचे स्मरण कर. पण खरे सांगावयाचे तर ते उत्तर आमच्या ओठांवर होते, पोटात उतरलेले नव्हते. ते कसे उतरले, तेच आज आपणांपुढे ठेवतो.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात अरण गाव आहे. सावतोबा तेथले माळी. पंढरी तिथून काही फार लांब नव्हे; परंतु परंपरा असे सांगते की, सावतोबांनी मळा सोडला नाही. पाणी द्यावे, खुरपावे, भाजी काढावी, आणि मुखी नाम घ्यावे. शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ साली, आषाढ वद्य चतुर्दशीस त्यांनी देह ठेवला. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीस जातात. पण पंढरीहून विठुरायाची पालखी सावतोबांच्या भेटीस अरणास जाते. अहो, देव भक्ताच्या भेटीस निघाला, तो कोठे? तर भाजीच्या मळ्यात!

ह्याला शास्त्राचा आधार काय म्हणाल, तर गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की, माणसाने आपल्या वाट्याच्या कर्मानेच त्या सर्वव्यापक ईश्वराची पूजा करावी. माउलींनी त्या ठिकाणी कर्मालाच फूल केले. आता फूल देवास वाहताना आपण काय पाहतो? ते किडके नसावे, आणि आधी कोणी हुंगलेले नसावे. मापात मारलेले धान्य, मन दुसरीकडे ठेवून शिकविलेला धडा, वरवर केलेली खुरपणी, ही किडकी फुले होत. आणि काम उत्तम झाले, पण "मी केले, मी केले" असे चारचौघांत सांगत सुटलो, तर ते फूल आपणच आधी हुंगले. ते देवाच्या कामाचे राहिले नाही.

हे सगळे आम्ही कीर्तनात रंगवून सांगत असू. मग २०२० साल आले. महामारीमुळे पायी वारी राहिली. संतांच्या पादुका एस. टी. गाडीतून पंढरीस गेल्या. आमची कीर्तने बंद पडली. टाळ खुंटीला लागले, आणि आम्ही ओसरीवर खिन्न बसून राहू लागलो. शेजारचा एक शेतकरी मात्र नेहमीप्रमाणे पहाटे खुरपे घेऊन नाम घेत रानात जाई. न राहवून एके दिवशी आम्ही त्यास म्हणालो, "अरे, वारी बुडाली, तुला काहीच वाटत नाही का?"

तो थांबला. म्हणाला, "वाटतं की, महाराज. पण सावतोबाची गोष्ट तुम्हीच सांगितली होती ना? म्हणून मी आपला मळ्यात निघालो. तुम्ही का असे बसून राहिला?"

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची मडकी पारखल्याची कथा आपण ऐकली आहे. त्या दिवशी नामदेवरायांसारखे कच्चे ठरले, आणि मग ते विसोबा खेचरांस शरण गेले. शेजाऱ्याचे ते थापटणे आमच्या डोक्यावर बसले, आणि आवाज कच्चाच आला! आम्हांस दुःख होते ते देवाच्या विरहाचे नव्हते, श्रोत्यांच्या विरहाचे होते. फुलांचे हार गेले, "वा महाराज" म्हणणारे गेले, आणि त्यांच्यामागे आमचे भजनही गेले. मग इतकी वर्षे आम्ही पूजा कोणाची करीत होतो?

त्याच सायंकाळी टाळ पुसले आणि माजघरात कीर्तनास उभे राहिलो. ऐकावयास आमची मंडळी आणि दोन नातवंडे. आवाज आता पूर्वीसारखा लागत नाही. पण त्या रात्री जे समाधान लाभले, ते हजारोंच्या मांडवातही क्वचित लाभले असेल.

येथे कोणी म्हणेल, "संतोष मानायचा म्हणजे हातपाय गाळून बसायचे काय?" तसे नव्हे. पतंजलींनी पाच नियम सांगितले, त्यांत संतोषाला लागूनच तप ठेवले आहे. कष्टांची पराकाष्ठा करावी आणि फळाविषयी तळमळ टाकावी, असा तो जोड आहे. आळशाचा संतोष हा संतोषच नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक जपून सांगावयाची. संतोष आपण आपल्यास शिकवावा. पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसास तो शिकवू नये. शके १२६० मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता ते कोसळून चोखोबा गेले. त्यांच्या मुखी नाम होते, म्हणून त्यांस राबविणाऱ्यांचा अन्याय काही पुण्य ठरत नाही. मजुराची मजुरी बुडवून त्याला समाधानाचा उपदेश करणारा वारकरी नव्हे. त्याची मजुरी वेळेवर देणे, हीच त्याची पूजा.

तेव्हा बंधूंनो, ज्यांस निघता येईल त्यांनी वारी कदापि चुकवू नये. ज्यांची पाभर रानात अडकली असेल त्यांनी रडू नये. ज्या मायमाऊलीला दुखणाईताच्या अंथरुणापासून हलता येत नाही, तिने मनास लावून घेऊ नये. हातातले काम चोख करावे, मुखी नाम असावे, आणि केलेले फूल न हुंगता त्याच्या पायी ठेवावे. अरणची वाट ज्याला ठाऊक आहे, त्याला तुमच्या घराची वाट कोणी दाखवावी लागत नाही.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!