फार एकुलता एक?

इकडे ये. बस. परभणी जिल्ह्यावर इंग्रजीत एक पान लिहायला सांगितलं होतं. त्या एका पानात 'युनिक' सात वेळा. त्यातही 'व्हेरी युनिक' तीनदा आणि शेवटी 'मोस्ट युनिक'. एकदा तरी वाचून पाहिलंस का? खरं सांग.

घरात तू एकुलता एक ना? तुझी आई शेजारणीला सांगते का, 'आमचा पोरगा फार एकुलता एक आहे' म्हणून? नाही सांगत. एकच म्हणजे एकच, त्यात कमीजास्त कुठून येणार? लॅटिनमधल्या 'एक' या शब्दावरून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मी फळ्यावर लिहिलं होतं. तू उतरवूनही घेतलंस. मग?

तुझ्या आधारचे 12 आकडे आहेत ना? 29 सप्टेंबर 2010ला नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं. ते देणाऱ्या प्राधिकरणाच्या इंग्रजी नावात पहिलाच शब्द 'युनिक' आहे. तुझा नंबर 'थोडासा युनिक' असता, तर तुझी शिष्यवृत्ती कुणाच्या खात्यात गेली असती?

'सर, डिक्शनरीत "अनयुज्वल" असाही अर्थ दिलाय.' दिलाय. ठाऊक आहे मला. लोक तसं बोलतात म्हणून कोशवाल्यांनी नोंदवलाय. पण तू कोश उघडलास कधी? चूक दाखवल्यावर. अर्थासाठी नव्हे, पळवाटेसाठी. नुसतं वेगळं म्हणायचं होतं, तर 'रेअर' शब्द तुला येत नव्हता?

आणि हे 'ॲन युनिक' कामून? देवनागरीत लिही. पहिलं अक्षर कोणतं? य. तो स्वर आहे का? त्याच पानावर कृषी विद्यापीठाला 'अ युनिव्हर्सिटी' बरोबर लिहिलंस. दोन ओळींत विसरलास?

ते व्याकरण आठवडाभरात सुधारेल. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. धारासुरचं गुप्तेश्वर मंदिर, म्हणे 'व्हेरी युनिक टेंपल'. म्हणजे काय रे? गंगाखेड तालुक्यात, गोदाकाठी, खाली कोरीव दगड आणि वर विटांचं शिखर. यातलं एक अक्षर तरी आहे का तुझ्या पानावर? विटांची जुनी देवळं तेरलाही आहेत. मग हे एकमेव कशात? दगड-विटेच्या जोडणीत? बाहेरच्या शिल्पांत? शोधलंस? पाहायचा कंटाळा आला की तू हा शब्द ठोकतोस आणि मोकळा होतोस. वाचणाऱ्याच्या हाती काय? धुपाटणं.

'एकमेव' म्हणणं किती अवघड, ते लोणारला बघ. जिंतूरहून काही लांब नाही. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं ते विवर. बेसाल्टमधलं असं जगातलं एकमेव आघात-विवर म्हणून वर्षानुवर्षं छापलं गेलं. मग ब्राझीलमध्ये बेसाल्टातच वार्जियाओ, व्हिस्टा अलेग्रे ही विवरं सापडली. अभ्यासकांना आपल्या हातानं 'एकमेव' खोडावं लागलं. आयुष्य घालवलेली माणसं हा शब्द जपून वापरतात, चुकला तर मागे घेतात. आणि तू? घरातल्या खाटेवर बसून सात वेळा?

'सगळेच लिहितात, सर.' लिहू देत. सगळ्यांच्या वह्या मी अशा रात्री जागून तपासत नाही.

तुला येत नसतं तर एवढं बोललोच नसतो. गेल्या वर्षी गोदावरीच्या पुरावर अर्धं पान लिहिलं होतंस. त्यात हा शब्द एकदाही नव्हता. वाहून आलेली कडब्याची पेंढी होती, आणि तिच्यावर बसलेला कावळा. ते पान अजून माझ्या कपाटात आहे. तो पोरगा कुठं गेला?

रविवारी धारासुरला जा. मोबाईल खिशात, वही हातात. देवळाला चारी बाजूंनी फिर. विटेला हात लाव. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोल. सोमवारी सकाळी साडेसातला, वर्ग भरायच्या आधी, नवं पान माझ्या टेबलावर पाहिजे. ऊठ आता.