अंदाज कुणी द्यायचा?

‘पाण्याचा अंदाज न आल्याने बुडून मृत्यू.’ बातमी कर्जतची असो की खालापूरची, हे वाक्य ठरलेलं. त्यात बातमीदाराचा दोष नाही, पंचनाम्यातही साधारण हेच असतं. पण या एका वाक्याने प्रकरण मिटतं. अंदाज आला नाही, म्हणजे चूक बुडणाऱ्याची. मग विचारण्यासारखं काही उरत नाही.

मला मात्र विचारावंसं वाटतं की तो अंदाज होता कुणाकडे?

पेज नदी भर मे महिन्यात वाहते. घाटावरच्या आंध्रा तलावाचं पाणी नळांतून खाली भिवपुरीच्या टाटांच्या वीजगृहात उतरतं आणि वीज करून पेजेत सुटतं. 1922 पासून हे चालू आहे. खोपोलीचं वीजगृह त्याहून जुनं, 1915 चं. त्याचं पाणी पाताळगंगेला मिळतं. शेती, कारखाने, गावांचे नळ, सगळ्यांना या पाण्याचा आधार. पण ते पावसावर नाही, विजेच्या मागणीवर चालतं. निर्मिती वाढली की डोक्यावर ऊन असतानाही पात्र भरतं. सकाळी ज्या खडकावर कपडे धुतले तो दुपारी पाण्याखाली असू शकतो, हे काठावरच्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. शनिवार-रविवार फार्महाऊसवर आलेल्या पाहुण्याला ते कोण सांगतं? वीजगृहात पाणी सोडल्याची वेळ लिहिली जाते, गावाला ती अंगवळणी पडलेली असते. पाहुणा तेवढा कोरा.

पावसाळी ओढ्यांचं गणित वेगळं. भिवपुरी रोड स्टेशनवर उतरून आषाण्याच्या धबधब्याकडे निघालेल्या घोळक्याला खाली रिमझिम लागते. माथेरानच्या डोंगरावर, 800 मीटर उंचीवर, तेव्हा काय कोसळतंय ते खालून दिसत नाही. लोंढा येण्याआधी खुणा होतात: पाणी गढूळतं, पालापाचोळा नि काटक्या वाहून येऊ लागतात, आवाज जड होतो. वाडीतला माणूस यातली एक खूण दिसली तरी बाहेर पडतो. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकमेकांना धरून उभं असलेलं कुटुंब वाहून जाताना साऱ्या देशाने मोबाइलवर पाहिलं. त्याआधी जेमतेम दहा दिवस, खालापूर तालुक्यात मुंबईच्या एका कॉलेजच्या ट्रेकमधली चार मुलं बुडाली होती. आणि केवळ पावसाळ्याला बोल लावायचा तर 14 मार्च 2025 ची धुळवड आठवावी. बदलापूरजवळ चामटोलीला उल्हास नदीत रंग धुवायला उतरलेली चार मुलं परतली नाहीत. आकाश निरभ्र होतं.

बंधाऱ्यांचं तर विचारूच नका. वरून पाणी कसं गुळगुळीत पडदा धरून पडतं. पण पायथ्याशी ते उलटं फिरतं आणि आत सापडलेल्याला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. पट्टीचा पोहणाराही तिथे हरतो.

जून उजाडला की मनाई आदेश निघतो. पूर्वी कलम 144 चा निघायचा, जुलै 2024 पासून 163 चा निघतो. कलम बदललं, गर्दी तीच. पोलीस रेल्वे स्टेशनबाहेर उभे राहिले की मंडळी शेताच्या बांधाने जातात. आदेशाचा खरा फटका बसतो तो मक्याची कणसं नि भजी विकणाऱ्या बाईला. कुठला दगड शेवाळलाय, कुठे एकदम गळ्याइतकं पाणी लागतं, हे त्या जागी सगळ्यात नेमकं तिला माहीत असतं. गर्दी आडवाटेने येतेच. घरी पाठवली जाते ती माहितगार बाई.

याच खालापूर तालुक्यातून द्रुतगती मार्ग जातो. तिथे माणसं मरायची तेव्हाही आधी ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ असंच छापून यायचं. 2016 पासून त्या रस्त्यावर शून्य मृत्यूचा प्रकल्प हाती घेतला गेला: कुठे कठडा नाही, कुठे खांब उघडा आहे, मदत किती मिनिटांत पोचते, हे जागा मोजून तपासलं. मृत्यू लक्षणीय घटले. खोपोलीच्या ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या गटाचे कार्यकर्ते फोन येताच घाटात धावतात. चालक आजही चुकतातच, पण चुकीची शिक्षा मृत्यूच असली पाहिजे हे तिथे कुणी मानत नाही. त्या रस्त्यावरून दिसणाऱ्या नदीला हा हिशेब आपण लावलेला नाही. ‘सांगूनही ऐकत नाहीत, मग मरा’ असा एक सूर आपल्या बोलण्यात हळूच येतो, आणि बुडालेला मुंबईचा असेल तर जरा जास्तच.

खरं तर बुडणारे सगळे सहलीचे नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली, त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. आपल्याकडे 2022 च्या राष्ट्रीय नोंदीत हा आकडा 38 हजारांच्या वर आहे. वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी जोडप्याचं पोर मातीच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्याशी खेळत असतं, त्याला कसला आदेश नि कसला फलक? बांगलादेशाने यावर ‘आंचल’ नावाची गावपाळणाघरं काढली. आईबाप कामात असतात त्या सकाळच्या तासांत मूल एका बाईच्या नजरेखाली राहतं, एवढंच. त्याने मुलांचं बुडणं कमी झालं. भट्टीवर अशी चार तासांची अंगणवाडी अशक्य नाही.

आता वाचवण्याचं. राष्ट्रीय आपत्ती दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. घाट उतरून ती कर्जतला येईतो दोन तास तरी जातात. श्वास बंद पडल्यावर मेंदूला मिळतात चार-सहा मिनिटं. म्हणजे बोटी, पाणबुडे, दिवे घेऊन येणारी यंत्रणा बहुतेक वेळा मृतदेह शोधायलाच येते. त्यांचं काम मोठं आहे, पण ते शोधकाम आहे. वाचवायचं ते आधीच काठावर असलेल्यानेच. इरसाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली तेव्हाही अंधारात, पावसात आधी चढले ते आसपासचे गावकरी नि गिर्यारोहक.

काठावरचा माणूस काय करतो? उडी मारतो. बुडणारा त्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि एकाचे दोन होतात. बुडणारा ओरडतही नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, हाक मारायला श्वास नसतो. अशा वेळी काठावर पालथं पडून ओढणी, बांबू, दोरी फेकावी. झाकण घट्ट लावलेला तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅनही माणसाला तरंगता ठेवतो.

बाहेर काढल्यावर आणखी घोटाळा. कुणी पोट दाबतं, कुणी उलटं धरून हलवतं, कुणी गरागरा फिरवतं. व्हॉट्सॲपवर तर बुडालेल्याला मिठात ठेवायचा सल्ला फिरत असतो. पोट दाबल्याने पोटातलं पाणी वर येऊन फुप्फुसात जातं. बुडालेल्याला हवा असतो श्वास. सपाट, कडक जमिनीवर उताणा निजवायचं, डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यायचे; छाती वर आलेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मध्यावर तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस. तोंडाला फेस येतो, तो पुसत बसायचं नाही. दुसऱ्याने 108 लावायचा. शुद्धीवर आला तरी कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय किंवा कशेळ्याचं ग्रामीण रुग्णालय गाठायचंच.

हे शिकायला दोन तास पुरतात. शिकवायचं कुणाला, तर त्या कणसंवालीला, तिच्या मुलाला, ओढ्याकाठच्या वाडीतल्या ठाकर-कातकरी तरुणांना. आज मृतदेह काढायला हाक त्यांनाच मारतात, आणि वर जबाबासाठी ठाण्यात खेपा. 2019 च्या दुरुस्तीने रस्त्यावरच्या मदतकर्त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. पण ते मोटार अपघातापुरतंच. पाण्यातून माणूस ओढणाऱ्याला ते लागू नाही.

गोव्याने 2008 पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक ठेवले आणि पुढे दूधसागर धबधब्यावर, मयेच्या तलावावरही. धबधबा बंद ठेवण्यापेक्षा हे महाग आहे, कबूल. पण गाडी लावायचे पैसे गावोगाव घेतले जातातच. त्या पावतीत दोरी, ट्यूब, लाल झेंडा आणि चौघांची रोजी सहज बसेल. वीजगृहाने पाणी सोडताना काठच्या गावांत भोंगा वाजवायला, सरपंचांच्या फोनवर निरोप धाडायला तर फारसा खर्चही नाही.

डोहाच्या काठी साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड असतात. लोक त्यांना नवस बोलतात, दरसाल बळी जातो असंही म्हणतात. मला ते जुने धोक्याचे फलक वाटतात: इथे खोल आहे, हे कुणीतरी मोजून ठेवलेलं. सरकारी फलकावर ‘पोहण्यास सक्त मनाई’ असतं. पाणी किती खोल, ओढ कुठल्या बाजूला, आजवर इथे किती गेले, यातलं काही नसतं. तालुक्याच्या पोलीस ठाण्यांत आकस्मिक मृत्यूंच्या नोंदी आहेत. दहा वर्षांच्या नोंदी काढून नकाशावर ठिपके दिले, तर रस्त्यावरच्या अपघाती जागांसारख्या पाण्याच्या जागाही ठरतील. हे काम तहसील कचेरीत आठवडाभरात होण्यासारखं आहे, आणि ते धुळवडीआधी व्हायला हवं, कारण वर्षातली पहिली गर्दी नदीवर त्या दिवशी उतरते.