तळ्यापर्यंतची वाट



यरुशलेममध्ये बेथेस्दाच्या तळ्याकाठी, पाच पडव्यांत अनेक आजारी माणसे पडून असत. त्यांतला एक जण 38 वर्षे आजारी होता. बरे व्हायचे आहे का, असे प्रभू येशूने त्याला विचारले. त्याने ‘होय’ म्हटले नाही, आपली अडचण सांगितली: तळ्यात सोडायला माझ्याजवळ कोणी नाही, मी पोहोचेपर्यंत दुसराच पुढे जातो (योहान 5:1-9). पाणी समोर होते. त्याला अडवीत होते ते त्याचे पाय आणि तळ्याची वाट, दोन्ही.

आपल्या मंदिराच्या दारात चार पायऱ्या आहेत. रविवारी आपले तरुण व्हीलचेअर उचलून आत आणतात. देव त्यांचे भले करो! पण ज्याला उचलावे लागते त्याच्या मनाचाही विचार करू या. त्याला बुधवारी पापनिवेदनाला यावेसे वाटले, तर चार जण कुठून आणायचे? ‘उगाच कशाला लोकांना त्रास?’ म्हणून तो घरीच राहतो. त्याला घरी ख्रिस्तशरीर मिळते, हे खरे. पण आपण सारे मिळून एक शरीर आहोत, असे संत पौल सांगतो. तो आला नाही, तर आपणच अपुरे राहतो.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा धार्मिक इमारतींनाही सार्वजनिक इमारती मानतो. रॅम्पचे गणित सोपे आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आपल्या पायऱ्यांची उंची दोन फूट, म्हणजे रॅम्प 24 फुटांचा हवा. त्याहून आखूड केला तर चढ उभा होतो, आणि पुन्हा ढकलणारा शोधावा लागतो. दोन्ही बाजूंना कठडा हवा. दारासमोरची मोटारसायकलींची काही जागा जाईल, हे मान्य. पण रॅम्प मुख्य दारालाच असावा. देवाच्या घरी कोणी मागच्या दाराने का यावे? आत एक बाकही आखूड करू या, म्हणजे व्हीलचेअर वाटेत न राहता कुटुंबाशेजारी बसेल.

येशूने त्या माणसाला उचलून तळ्यात सोडले नाही, स्वतःच्या पायांनी चालते केले. तो चमत्कार आपल्या हाती नाही, पण रॅम्प आहे.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर तळमजल्यावरील सभागृहात बैठक आहे. ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत, त्यांनी आधी बोलावे. बाकीच्यांनी ऐकावे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू