मसाईंच्या घरी पाहुणा म्हणून

केनियातल्या नारोक किंवा काजियाडो भागात एखाद्या पशुपालक मसाई कुटुंबाकडे दोन-तीन आठवडे राहायचं, गावातल्या शाळेची भिंत रंगवायची, मुलांना थोडं इंग्रजी शिकवायचं आणि परत यायचं, अशा स्वयंसेवी सहली जगभरातल्या विद्यार्थ्यांसाठी आखल्या जातात. आता आपल्याकडच्या मुलांनाही त्या खुणावतात. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत समाजसेवा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, आणि परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशअर्जात असा अनुभव उठून दिसतो हे पालक जाणून असतात. मुलांनी जावं, जरूर जावं. पण शिकायला जावं. मदतीची भाषा घरीच ठेवावी.

मसाईंचं पारंपरिक घर बायका बांधतात. खांब रोवून त्यांत फांद्या विणायच्या, वर माती, शेण आणि राखेचा लेप द्यायचा. छप्पर इतकं ठेंगणं की उंच माणसाला आत सरळ उभं राहता येत नाही. आत अंधार, चूल, धूर. रात्री वासरं-करडंही आसऱ्याला आत. भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण. पावसानं लेप धुपला की दुरुस्ती पुन्हा बाईकडेच. दूध ठेवायचा भोपळाही तीच सांभाळते: रानऑलिव्हच्या लाकडाचा निखारा आत फिरवून तो स्वच्छ करते, त्यामुळे दूध टिकतं आणि त्याला धुराची चव येते. पाणी अनेक ठिकाणी लांबून, पायी आणावं लागतं. पाहुण्याच्या आंघोळीचं पाणीही बहुतेकदा तीच आणते. अठरा वर्षांच्या शहरी मुलाला यातलं काहीच येत नसतं. त्या घरात अडाणी असतो तो हा मुलगा, आणि त्याच्या शिक्षणाची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

मसाईंकडे देण्याघेण्याची एक जुनी रीत आहे, ओसोतुआ. दोन माणसांत हे नातं जुळलं की ते पुढच्या पिढीतही चालतं. दुष्काळात कळप गेला तर माणूस अशा मित्राकडे जाऊन गाय मागतो. गरज खरी हवी आणि गरजेपुरतंच मागायचं. देणाऱ्यानं झेपेल तेवढं द्यायचं, त्यासाठी स्वतःचा संसार मोडायचा नाही. परतफेडीचा हिशेब कुणी ठेवत नाही. पाऊस बेभरवशाचा असलेल्या मुलखात माणसं तगली, त्यामागे या रीतीचा मोठा वाटा आहे. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती मागण्याची: काय हवं ते गरजवंत सांगतो, देणारा ठरवत नाही. शाळेची भिंत रंगवून द्या असं त्या गावानं कधी मागितलेलं असतं का?

२००२ साली एनूसाएन गावातल्या मसाईंनी अमेरिकेला १४ गाई दिल्या. गावातला एक विद्यार्थी ११ सप्टेंबर २००१च्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होता. घरी आल्यावर त्यानं पाहिलेलं सांगितलं, आणि वडीलधाऱ्यांनी आपल्याकडचं सर्वांत मौल्यवान ते देऊ केलं. अमेरिकी दूतावासाच्या अधिकाऱ्यानं गावात येऊन त्या स्वीकारल्या. इथे तरी कुणी काय मागितलं होतं, असं कुणी म्हणेल. पण हे सांत्वन होतं. अमेरिकेला सुधारायला कुणी निघालं नव्हतं.

मसाईंना काय हवं आहे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच स्पष्ट सांगितलं आहे: जमीन. १९०४च्या करारानं ब्रिटिशांनी रिफ्ट व्हॅलीतली उत्तम कुरणं गोऱ्यांच्या वसाहतीसाठी घेतली आणि मसाईंना दोन राखीव मुलखांत हलवलं. मसाई जमात असेतोवर हे मुलूख तिचे, असं वचन होतं. सात वर्षांत लायकिपियाचा उत्तरेकडचा मुलूखही काढून घेतला गेला. मसाई कोर्टात गेले. १९१३मध्ये कोर्टानं सांगितलं की हा दोन सत्तांमधला तह आहे, त्यावर आम्ही निवाडा करू शकत नाही. शेजारच्या टांझानियातही १९५९मध्ये मसाईंना सेरेंगेटी सोडावं लागलं. जून २०२२मध्ये लोलियोंडोत १,५०० चौरस किलोमीटर जमिनीवर अभयारण्यासाठी सीमा आखताना पोलिसांशी संघर्ष झाला, गोळीबारात माणसं जखमी झाली. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जीपमधून आपले मराठी पर्यटक सिंहांचे फोटो काढतात, ती भूमीही मसाईंच्या गुरांची चराई होती. हा इतिहास वाचल्याशिवाय त्या घराचा उंबरा कुणी ओलांडू नये.

विचारवंत इव्हान इलिचनं १९६८मध्ये मेक्सिकोत विद्यार्थी स्वयंसेवकांपुढे बोलताना त्यांना तोंडावर सांगितलं होतं, की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. तेव्हा ते कठोर वाटलं असेल. मला ते आजही तंतोतंत पटतं. मुलांच्या सद्हेतूबद्दल मला शंका नाही, त्यांचा कळवळा खराच असतो. पण गावातल्या रंगाऱ्याची मजुरी बुडवून रंगवलेली भिंत ही सेवा होत नाही, आणि दोन आठवड्यांनी निघून जाणारा गुरुजी मुलांच्या कामाचा नसतो.

म्हणून पालकांना आणि मुलांना माझी विनंती आहे. पैसे भरण्याआधी सहल आखणाऱ्यांना विचारा: हे काम गावानं मागितलं आहे का? ते तिथल्याच कुणाला मजुरी देऊन करून घेता आलं असतं का? ज्या बाईच्या घरी मूल राहणार, तिच्या हातात किती पैसे पडतात? नीट उत्तर मिळालं नाही, तर त्या सहलीला मुलाला पाठवू नका.